बाहीवरची फुली

ऑगस्ट १९९८, शुक्रवार. सांगलीच्या कॉलेजात सेमिनारसाठी मी फळ्यावर पेशीची आकृती काढत होते. एम.एस्सी.च्या मुलांना विषय सर वाटून द्यायचे. मला त्यांनी एफ-बॉक्स प्रथिनं दिली होती. देताना हसले होते. का, ते त्या दिवशी कळलं.

पेशीतली नको झालेली प्रथिनं तोडावी लागतात. कोणतं तोडायचं, ते हे एफ-बॉक्सचं कुटुंब ओळखतं. मग त्या प्रथिनावर युबिक्विटिनची खूण लागते आणि त्याचे तुकडे होतात. मी एवढं सांगितलं, तोच सर म्हणाले, "म्हणजे पेशीतले झाडूवाले. म्हणून तर तुला दिला. घरचाच विषय."

माझी आई नगरपालिकेत झाडू मारायची. वर्गाला ठाऊक होतं. वर्ग हसला.

"सर, ती झाडत नाहीत," मी म्हटलं. "काय ठेवायचं नाही, ते निवडतात."

"अस्सं?" सर उठले. माझ्या हातातला खडू घेतला आणि माझ्या बाहीवर फुली मारली. "ही बघा खूण. राखीव जागेतून आत शिरलेलं प्रथिन. चला, हे बाहेर!"

पोरांनी बाकं वाजवली. पुढच्या बाकावरची मैत्रीण कुजबुजली, "झटकून टाक गं. गंमत करतात ते."

मी झटकलं नाही. आकृती अर्धी टाकून बाहेर पडले.

घरी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"मार्क त्येच्याच हातात हायत. थोडं दिस ऱ्हायल्यात. गप बस, बाय."

खोटं नव्हतं ते. त्यानं नापास केलं असतं तर एम.एस्सी. गेली असती, आणि आमच्या वस्तीत एम.एस्सी.पर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

"तू जन्मभर गप बसलीस. काय मिळालं?"

"तुला शिकीवलं न्हवं?"

हे झोंबलं. कारण खरं होतं. तिच्या गप्प बसण्यावर मी शिकले. माझ्या गप्प बसण्यावर पुन्हा कुणी शिकायचं, आणि पुन्हा कुणी गप्प बसायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यात गेले. हवालदारानं ऐकून घेतलं, कान खाजवला.

"सरांनी चेष्टा केली आसंल, ताई. मिटवून टाका. शिक्षणाची वाट लागंल."

"लागू दे. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा लिहून घ्या."

"सायेब न्हाईत आत्ता."

"येतील तेव्हा येतील," मी म्हटलं, आणि त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसले.