पडायची सवय

आमच्या तालमीत वस्तादांची रीत होती: डाव शिकताना जोडीतल्या एकानं पाडायचं, दुसऱ्यानं अंग सैल सोडून पडायचं. अडून बसलं की हाडं मोडतात. पाळी रोज बदलायची. आमच्या जोडीची मात्र चार वर्षं बदलली नाही. मी पाडायचो, तो पडायचा. का, ते सांगायला आज लाज वाटते. वस्तादांचं दूध-तूप माझ्या बापाच्या घरून यायचं, आणि जोडीदार पडला धनगराचा.

मला तेव्हा ह्याचं काय सुखदुःख! पाय अडकवून ढाक मारली की गडी आडवा. मांडीवर थाप मारायची नि सिरसाळ्याच्या बाजारातनं छाती काढून हिंडायचं. गाढव लेकाचा मी!

मग खबर आली. निजामाच्या फौजेतला एक जमादार जत्रेला येणार, आणि शेवटची कुस्ती मारील त्याला शिपाई म्हणून नेणार. आमच्या तालमीतून एकच गडी जायचा होता. मला नोकरीची गरज नव्हती, घरी रान होतं. त्याची मात्र त्या साली निम्मी मेंढरं रोगानं गेली होती. "आता ह्येच एक हाय बे," तो म्हणाला. "आमच्या घरात मेंढरामागं न हिंडणारा म्या पयलाच व्हईन."

वस्तादांनी आम्हाला तालमीच्या मातीच्या हौद्यात उतरवलं. "खरी लढा. जितंल त्यो जाईल."

खरी कुस्ती आमच्यात त्या दिवशी पहिल्यांदाच झाली. त्यानं मला दोनदा तोंडावर मातीत घोळसलं. माझा दम उखडला. हा माझ्याहून लई जड आहे, हे मला तेव्हा कळलं. घाबरून मी ढाक मारली, तीही अर्धीमुर्धी. कुणीही सोडवली असती.

तो पडला. पाठ मातीला लागली.

मी त्याच्यावर खेकसलो, "मुद्दाम पडलास काय बे?"

"न्हाई रं. लई आवरलं. तुजी ढाक लागली अन् पाय आपसूक सुटले."

"वस्ताद, ह्यालाच धाडा," एवढंच मला म्हणायचं होतं. पण चारचौघांत आपण कमी आहोत म्हणायची छाती नव्हती. वस्तादांनी खाली बघतच माझं नाव घेतलं. त्यांनाही कळलं होतं.

जत्रेत पहिल्याच गड्यानं मला आस्मान दाखवलं. जमादारानं दुसऱ्याच गावचा पोरगा नेला.

परत आल्यावर मी जोडीदाराला ओढतच तालमीत आणलं. म्हटलं, "मी ढाक मारतो, तू पडू नको. पुढल्या साली तूच जा." तो उतरला. मी मारली, तो पडला. पुन्हा मारली, पुन्हा पडला. मी चिडलो, शिव्या दिल्या, शेवटी हातापाया पडलो. तो दात-ओठ खाऊन उभा राहायचा, आणि माझा पाय लागला की आपला खाली. दहाव्या वेळी तो मातीतच बसून राहिला.

"ऱ्हाऊ दे बे," अंगावरची माती झटकत तो म्हणाला. "तिकडं मेंढरं खोळंबल्यात."