संदर्भासाठी राखीव बियाणे

विशे सर मंगळवारी सकाळी गेले. दुपारी त्यांच्या भाताच्या प्लॉटवर मुरूम पडला. संध्याकाळी मी ग्रंथालयातल्या त्यांच्या कपाटाला कुलूप लावले.

त्या कपाटाचा वास अजून माझ्या बोटांना आहे. जुने सागवान, डांबरगोळ्या, आणि त्या दोन्हींच्या तळाशी दडलेला, उन्हात वाळलेल्या तुसाचा कोरडा, किंचित गोडसर दरवळ. गंधाला स्मृतीचा दरवाजा म्हणतात ना? माझ्या बाबतीत तो दरवाजा उघडतो खरा, पण आत शिरल्यावर बसायला जागा मिळत नाही.

आमचे विद्यापीठ मुरबाडहून शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, जिथे एसटी हात दाखवला तरच थांबते. त्याची कमान ग्रंथालयाच्या इमारतीहून उंच आहे. माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव आहे. प्रत्यक्षात तो खड्डा आहे आणि पावसाळ्यात त्यात बेडूक असतात. दर जूनमध्ये अभ्यासक्रमांची नावे बदलतात. गेल्या वर्षीचे वाणिज्य यंदा 'व्यवसाय विश्लेषण' होते, शिकवणारे तेच, फळा तोच, खडूही तोच. मुले मात्र दरवर्षी नवी येतात, वैशाखऱ्याहून, डोळखांबच्या पाड्यांवरून, घरातल्या पहिल्याच पदवीचे ओझे पाठीवर घेऊन, आणि कमानीखाली उभी राहून आईवडिलांसोबत फोटो काढतात. तो फोटो काढताना त्यांच्या चेहऱ्यांवर जो विश्वास असतो, त्याच्याकडे पाहण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

या साऱ्यात विशे सरांचा ग्रामीण विकास विभाग म्हणजे एक खोली आणि खोलीमागचे दोन गुंठे रान. सर इथल्याच मातीतले, बोलणे घरचे, चप्पल नेहमी चिखलाची. त्यांच्या विभागात प्रवेश घेणाऱ्याने घरून पसाभर बियाण्याचे भात आणायचे, असा त्यांचा रिवाज होता. दाखले, छायाचित्रे मागाहून आली तरी चालत. पसा मात्र पहिल्या दिवशी. पेरणीसाठी घरोघर पेंढ्याच्या मुड्यात बांधून ठेवलेल्या भातातला तो पसा मुलांच्या आया फडक्यात बांधून देत. कुणाचे काळ्या तुसाचे, कुणाचे बारीक, कुणाचे डोंगरउतारावर लवकर पिकणारे हळवे. एकेका घराने पिढ्यान्‌पिढ्या निवडून, वेचून जपलेले आणि दुसऱ्या कुठल्या दुकानात न मिळणारे.

ग्रंथालयाची सूची संगणकावर गेली, तेव्हा कार्डांचे जुने कपाट रिकामे झाले. छत्तीस खणांचे. ते भंगारात जाणार हे कळताच सर आले, खण ओढून पाहिले, आणि मला म्हणाले, "डांबरगोळी, तुझी पुस्तकं कोण वाचत नाय, माझं भात कोण खात नाय. दोघांचं बरं जमंल एका खोलीत." माझ्या कपड्यांना येणाऱ्या वासावरून त्यांनी मला ठेवलेले हे नाव. प्रत्येक खणात एक बाटली आली, बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर सरांचे तिरके अक्षर: भाताचे नाव, घराचे नाव, पाड्याचे नाव.

दिवाळी सरली की सर त्या बाटल्या एकेक करून उघडत, आतले दाणे खिडकीच्या कठड्यावर चिमण्यांना टाकत आणि प्लॉटवरचे नवे भात भरत. मी मेजावरून हे पाहत असे. मला ती साफसफाई वाटे. इतकी वर्षे एका खोलीत बसून मी त्या माणसाच्या आयुष्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या कृतीला साफसफाई समजलो! वाचलेल्या पुस्तकांचा एवढा डोंगर माझ्या गाठीशी. आणि डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे घडणारे एक वाक्य मला वाचता आले नाही.

सर गेले त्याच आठवड्याच्या शनिवारी दीक्षान्त समारंभ होता. पाहुण्यांच्या गाड्यांना जागा हवी होती. कापणीनंतरचा प्लॉट व्यवस्थापनाला रिकामा दिसला, आणि त्यांच्या दृष्टीने तो रिकामाच होता. समारंभात सरांसाठी दोन मिनिटे उभे राहण्यात आले; त्यांपैकी पहिले मिनिट ध्वनिक्षेपक नीट करण्यात गेले. जूनमध्ये विभाग बंद झाला आणि त्याची मुले 'ग्रामीण व्यवस्थापन' नावाच्या नव्या पाटीखाली बसली.

मी मनोमन ठरवले, यांनी सरांचे सारे पुसले, पण हे कपाट मी पुसू देणार नाही. ग्रंथपालाला जे येते ते मी केले. बाटल्या पुसल्या, महिन्याच्या महिन्याला झाकणे उघडून पाहिली, डांबरगोळ्या बदलल्या. दुर्मीळ ग्रंथांना आम्ही लाल पट्टी लावतो, तशी प्रत्येक खणाला लावली: संदर्भासाठी राखीव, बाहेर नेता येणार नाही. ती लावताना मला केवढा अभिमान वाटला होता!

त्याच जूनमध्ये रंजना आली. सरांची विद्यार्थिनी, डोळखांबकडच्या पाड्यावरची, वर्गात कधी न बोलणारी. मामाच्या उतारावर आमचे तांबडे हळवे पेरून पाहायचे आहे, त्यातले मूठभर मिळेल का, असे तिने विचारले. मी तिला लाल पट्टी दाखवली. ही सरांची आठवण आहे, ती अशी वाटून संपवायची नसते, असे मी अगदी हळुवार आवाजात समजावले. ती खणाकडे पाहत राहिली, "बरं, सर" म्हणाली आणि गेली. माझ्या मृदू स्वराचाच मला आज सर्वाधिक राग येतो. खेकसलो असतो, तर कदाचित ती भांडली असती.

तीन पावसाळे गेले. रंजना पदवी घेऊन बाहेर पडली. ग्रामीण व्यवस्थापन शिकलेली मुलगी वाशिंदच्या एका गोदामात संगणकावर खोकी मोजते. गेल्या मे महिन्यात ती आईला घेऊन आली. पहारेकऱ्याने त्या दोघींना कमानीखाली अडवले, ओळखपत्र नव्हते म्हणून. मी जाऊन त्यांना आत आणले. वाटेत रंजनाने सांगितले ते असे: आदल्या पावसाळ्याआधी वळवाच्या पावसात छप्पर गळून घरचा बियाण्याचा मुडा भिजला, कुजला. पाड्यावर आता सगळे दुकानचेच बी पेरतात. तांबडे हळवे कुणाकडेच उरले नाही. त्या वर्षी घरात कुणी फारसे हळहळलेही नाही, कारण आई सगळ्यांना सांगत होती, आपले बी कॉलेजात आहे.

आपले बी कॉलेजात आहे. या विद्यापीठाच्या कोणत्याही माहितीपत्रकात त्याच्याविषयी इतके मोठे वाक्य आजवर छापले गेलेले नाही.

मी लाल पट्टी स्वतःच्या हाताने काढली, खण ओढला, बाटली रंजनाच्या आईच्या हाती दिली. त्या क्षणी मला वाटले, याचसाठी मी तीन वर्षे राखण केली. तिने दाणे तळहातावर घेतले, हुंगले, आणि विचारले, "औंदा पेरलं व्हतं का, दादा?" मी म्हटले, छे, कुणाला हातही लावू दिलेला नाही, सर गेले तेव्हा होते तसेच आहे. तिने माझ्याकडे एकदा पाहिले. दाणे पदरात बांधले आणि चहा न घेता गेली.

आठ दिवसांनी मी पाड्यावर गेलो. रंजनाने फोनवर नीट काही सांगितले नव्हते. तिच्या आईने ओसरीवर गोणपाटात गुंडाळलेले फडके माझ्यासमोर सोडले. आमच्याकडे भात भिजवून, फडक्यात बांधून, वर दगड ठेवतात. दोन-तीन दिवसांत पांढरे मोड येतात. हे आठ दिवसांचे होते. दाणे फुगले होते, आंबूस वास येत होता, मोड एकालाही नव्हता. जवळ बसलेला तिचा भाऊ हसला आणि म्हणाला, ह्या सरांनी बियाला डिग्री दिली म्हनायची. रंजनाने त्याला गप्प केले. आई म्हणाली, "तुमी सांबाललं, दादा. तुमचा काय दोस नाय. पन बी हाय ते. दर वर्साला चिखलात गेलं तरच जगतं."

सरांनी हे मला कधी सांगितले नाही. कल्याणच्या रुग्णालयात त्यांचा हात माझ्या हातात असतानाही नाही. हे सांगावे लागते, असे त्यांना वाटलेच नसेल. श्वास घेत राहा, असे कुणी कुणाला सांगते का? तीन वर्षे मी व्यवस्थापनाला मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि त्या त्यांना लागूच होत्या. पण मुरूम पडला तेव्हा सरांचे सारे बियाणे प्लॉटवर नव्हते, कपाटात होते, जिवंत होते. मूठभर मागणारी मुलगी पुढ्यात उभी होती, आणि डोंगरउताराचे रान तयार होते. त्यांनी जमीन बुजवली. बियाणे मी मारले. जपणूक म्हणून आपण ज्या वस्तूंना कुलपे घालतो, त्यांतल्या किती आत श्वास कोंडून पडलेल्या असतील?

परतल्यावर मी उरलेल्या पस्तीस खणांतले दाणे फडक्यांत बांधून, ग्रंथालयाच्या खिडकीखाली दगड ठेवून पाहिले; एकाही फडक्यात मोड आला नाही. मग पावसाळाभर प्लॉटवर झालेल्या त्या गाडीतळाच्या कडेने फिरलो. कापणीत सांडलेले एखादे लोंबीचे बी मुरमाखालून वर आले असेल, असल्या पुस्तकी आशेने. तिथे टाकळा उगवला. टाकळ्याशिवाय काही उगवले नाही.

कपाटाचे कुलूप मी काढले आहे. डांबरगोळ्याही टाकून दिल्या आहेत, म्हणून आता खण ओढला की फक्त तुसाचा वास येतो, तोही दर महिन्याला थोडा कमी. छत्तीस बाटल्या रिकाम्या आहेत. त्यांच्यावर विशे सरांच्या अक्षरातल्या छत्तीस चिठ्ठ्या आहेत.