फट मोजणारा दादा

फोन आला तेव्हा मी दादावर रागावलेलीच होते. वहिनीचा आवाज ऐकून वाटलं, ही आता नवऱ्याची बाजू घेऊन भांडणार. ती म्हणाली, "बाय, तुजा दादा गेला." ...आणि मला रागातून बाहेरच येता येईना. आमच्या बोटीचं इंजिन उघडं टाकून हा माणूस गेला कसा, हा विचार पहिला आला. सांगायला लाज वाटते, पण तोच आला.

दादाची सगळी नोकरी तुर्भ्याच्या कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. निवृत्त झाल्यावर शिरवण्याच्या घरामागे पत्र्याची शेड बांधून तो होड्यांच्या मागे बाहेरून बसवायची आऊटबोर्ड इंजिनं दुरुस्त करायला लागला. मोजणं हा त्याचा आजारच होता. माझ्या लग्नात मांडवाचे खांब टेपनं मोजत बसला आणि मुहूर्त टळायची वेळ आणली. दुसरे मेकॅनिक बेअरिंग बसवतात, हातानं हलवून बघतात, ओके म्हणतात. याचं तसं नाही. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, आणि त्याला धरणारं बेअरिंग यांच्यामध्ये तेलापुरती फट असते, केसाहून बारीक. ती मोजायला हा मेणासारखा मऊ दोरा आत ठेवायचा, बेअरिंगवरची कॅप ठरलेल्या जोरानं आवळायचा, परत खोलायचा आणि चपट्या झालेल्या दोऱ्याची रुंदी त्याच्या पाकिटावर छापलेल्या पट्टीशी ताडून बघायचा. तोवर इंजिनाला कुणी बोट लावायचं नाही. एकदा चहाचा कप ठेवायला जागा करताना माझ्या हातून इंजिनाचं चाक जरासं फिरलं, आतला दोरा फरफटला, तर त्यानं मला चहासकट शेडबाहेर काढलं. सख्ख्या बहिणीला!

यंदा आमच्या बोटीचं इंजिन त्याच्याकडे होतं. मासेमारीची पावसाळी बंदी उठायला आठवडा राहिलेला, दिवाळे गावाच्या बंदरावर आमच्या यांची जाळी शिवून तयार, आणि दादा एका बेअरिंगवर अडून बसलेला. रोज फोनवर तेच. "बाय, कवा चार येतंय, कवा सहा." मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले चार की सहा, हा त्याचा प्रश्न! शेवटी म्हणाला, "क्रँक परत भायेर काढून बगतो." तेव्हा माझं डोकंच फिरलं. जन्मभर शाळेत शिकवलं, पण माहेरच्या माणसाशी भांडताना माझी माहेरचीच बोली तोंडात येते. "काय काढू नको. तुजे डोले गेलेत, दादा. दर खेपेला आकडा येगला येतो, तो डोल्यांचा दोष हाय, इंजिनाचा नाय. सानपाड्याच्या डॉक्टरची वेल घेते. ते इंजिन जोड, आनि ही कामं आता बंद कर."

तो एवढंच म्हणाला, "बरं." दोन दिवसांनी सकाळी त्याचं हृदय थांबलं. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या मुलीचा फोन आला, पेशंट उद्या येतायत ना? तिच्यावरही मी ओरडले.

तेरावं झाल्यावर दादाच्याच खात्यातल्या साळवींना बोलावलं. म्हटलं, आता मोजामोजी नको, फक्त जोडून द्या. शेडमध्ये गेलो तर कॅप काढून बाजूला ठेवलेली, इंजिन तसंच आ वासून. मला "बरं" म्हणून या माणसानं एक नट आवळला नव्हता! मरतानाही माझं ऐकलं नाही म्हणून मी तिथेच उभी राहून रडले.

साळवी मात्र कपाटावर चुंबकानं लावलेलं एक कार्ड बघत होते. त्यावर चार ओळी होत्या. वर, चार. उजवीकडे, सहा. खाली, चार. डावीकडे, सहा.

"ताई, हे मुद्दाम केलंय," ते म्हणाले. "दर वेळी क्रँक पाव फेरा फिरवून नवा दोरा लावलाय. समोरासमोरचे आकडे बघा, जोडीनं सारखे आहेत. डोळे चुकले असते तर असे आले असते का?" त्यांनी क्रँक काढली, तुर्भ्याला नेऊन मोजून आणली. जिथे ती गोल हवी तिथे अंडाकृती झिजली होती. माझ्या म्हणण्याप्रमाणे तशीच जोडली असती, तर इंजिन खाडीच्या तोंडाशी जाम झालं असतं आणि त्या बोटीत आमचे हे असते.

दादा, "मी फिरवून फिरवून मोजतोय," एवढं एक वाक्य बोलायला तुला काय झालं होतं? आकडे सांगायचास, कारण कधी सांगायचं नाहीस. आणि मीही कधी विचारलं नाही... नवी क्रँक बसवून बोट आता रोज जाते. ते कार्ड मी कपाटावरच ठेवलंय. त्यावरचं अक्षर इतकं बारीक आहे, की मला चष्मा लावूनही ते उजेडात धरावं लागलं. ज्यानं ते लिहिलं, त्याला मी शेवटचं म्हणाले, की तुझे डोळे गेले.