वरच्या माळ्यावरचं नेट

आमच्या आळीने शेट्येबाईंना फसवलं. आधी एकाने, आणि मग बाकीच्या सगळ्यांनी मिळून. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. बाईंबद्दल मी चांगलंच लिहिणार आहे. आळीबद्दल तसा काही नियम माझ्या ऐकिवात नाही.

बाई गेल्याचं मला दुकानात कळलं. बिरवाडीला कंपनीतल्या कामगारांसाठी खोल्या बांधणाऱ्या एका मालकाशी नळांच्या भावावरून माझी हुज्जत चालली होती. तेवढ्यात बाईंकडे कामाला येणाऱ्या पार्वतीचा फोन आला. "शेठ, बाई उठत नायत. हाक मारली, हलवलं... तुमी या." मी तसाच निघालो. नळ त्या मालकाने त्याला हव्या त्या दरात नेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं काही वाटलं नाही. बाई वरच्या माळ्यावर खिडकीशेजारच्या खाटेवर होत्या. चेहरा शांत होता. डोक्याशी फळीवर राउटरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. डॉक्टर आले, शेजारी आले, मस्कतला त्यांच्या मुलीला, मेधाला, फोन झाला, आणि हा सगळा वेळ ते दिवे आपले चालूच...

बाई म्हणजे हायस्कूलच्या भूगोलाच्या बाई. मी तुडीलचा. एसटीने शाळेत यायचो आणि बसल्या बसल्या झोपायचो. दहावीला नापास झालो, हार्डवेअरच्या दुकानात पोती उचलली, आणि पुढे स्वतःचं सॅनिटरीचं दुकान टाकलं. आज गाव मला बबनशेठ म्हणतं. बाई शेवटपर्यंत "अरे बबन" म्हणायच्या, तेही गिऱ्हाइकांसमोर. शाळेत एकदा नकाशावरचं अंतर मी अंदाजाने सांगितलं होतं. "प्रमाण दिलंय ना खाली? इथे घासाघीस चालत नाही," असं त्या म्हणाल्या होत्या. ते वाक्य त्यांनी मला पुढे तीस वर्षं ऐकवलं.

बाईंचे यजमान गेले, मेधा लग्न होऊन मस्कतला गेली आणि जाताना आपला जुना लॅपटॉप आईला देऊन गेली. बाईंनी ब्रॉडबँड घ्यायचं ठरवलं. वायरलेस मोडेम मी मुंबईहून आणला. दुकानदाराशी तासभर भांडून त्याच्याकडून टेलिफोन वायरचं एक भलंमोठं भेंडोळं वरती फुकट घेतलं. बाईंना अभिमानाने सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "नुसता मोडेम नव्हे, राउटरही आहे तो. पुस्तिकेत लिहिलंय. आणि एवढी वायर कशाला?" वायरचा उपयोग दुसऱ्याच दिवशी कळला. जोडणीला आलेल्या माणसाने डबा खाली फोनशेजारी ठेवला आणि निघायला लागला. महाडात खालच्या मजल्यावर कोणी किमती वस्तू कायमची ठेवतं का? सावित्री नदीचं पाणी एकदा आळीत शिरलं की खालचं सगळं तिचं. मी तो माणूस जाताच जुन्या पाइपातून वायर वर नेली आणि राउटर वरच्या माळ्यावर, खिडकीशेजारी मांडला. पाण्यापासून वाचवायला म्हणून तो वर गेला, आणि वर गेला म्हणून त्याचा सिग्नल सगळ्या आळीच्या कौलांवरून पसरला. हे तेव्हा आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पुस्तिका बाई मोठ्याने वाचायच्या आणि मी बटणं दाबायचो. एकशे ब्याण्णव टिंब एकशे अडुसष्ट टिंब एक टिंब एक. बाईंनी राउटरच्या पानाचा हा पत्ता एखाद्या गावाचे अक्षांश-रेखांश सांगावेत तसा सांगितला. ते पान उघडलं, नाव-गाव भरलं, तांबडा दिवा हिरवा झाला. लगेच फोन वाजला. मेधा. "आई, झालं का सुरू?" बाई "हो" म्हणतायत तोवर दिवा परत तांबडा. फोन ठेवला की हिरवा. पाच मिनिटांनी मेधा पुन्हा काळजीने विचारणार, "आता?" आणि पुन्हा तांबडा. पोरगी नेट चालतंय का हे विचारून विचारून नेट बंद पाडत होती. खोक्याच्या तळाशी एक छोटी पांढरी डबी राहिली होती. आवाज आणि नेट वेगळं करणारी ती डबी फोनच्या आधी लावायची असते. मला वाटलं होतं, ती सुटा भाग म्हणून जास्तीची दिली आहे. "फुकटची वायर मोजून घेतलीस, आणि विकतची डबी खोक्यात ठेवलीस," बाई म्हणाल्या.

मग नेटवर्कला नाव द्यायची वेळ आली. बाईंनी इंग्रजी अक्षरांत 'वरचा माळा' असं टाकलं. पुढच्या पानावर कुलूप होतं, म्हणजे पासवर्ड. तिथे आमचं भांडण झालं. मी म्हटलं, "बाई, उघडं ठेवलंत तर आख्खी आळी फुकट वापरेल." त्या म्हणाल्या, "वापरू दे. माझं काय झिजतं?" मी आवाज चढवला. बाईंनी चष्मा काढला. "बबन, पुराच्या दिवशी ज्याच्या घराला वरचा माळा असतो, तो जिन्याला कडी घालतो का?" मी पासवर्डचा रकाना रिकामाच ठेवून पुढचं बटण दाबलं. माझी आई अशाच एका पुरात याच जिन्याने वर आली होती.

आणि आळीने वापरलं. विम्याच्या एजंटाने वापरलं, कंपनीतल्या भाडेकरूंनी वापरलं, क्लासवाल्याने वापरलं. बारावीचा निकाल असला की जिन्यावर चपलांचा ढीग पडायचा. पावसाच्या तोंडावर वीज कडाडायला लागली की बाई राउटरची टेलिफोनची वायर काढून ठेवायच्या, नाहीतर डबा जळतो. वायर काढली की दोन मिनिटांत समोरच्या खिडकीतून आवाज यायचा, "बाई, नेट गेलं का हो?" मागच्या अंगणातून, "ओ बाई, बंद केलात काय?" बाई खिडकीत येऊन सांगायच्या, "वीज चमकतेय. चहा प्या तोवर." हाका कोणाच्या ते मला माहीत आहे. आळीतल्या प्रत्येकाला माहीत आहे.

मग एक मेल गेली. गावातल्या एका मुलीचं पोलादपुरात लग्न ठरलं होतं. तिच्या होणाऱ्या सासरी कोणीतरी निनावी, घाणेरडी मेल पाठवली. लग्न मोडलं. मुलगी बाईंची विद्यार्थिनी. तिचं नाव मी लिहीत नाही, तिने सोसलं तेवढं पुरे. तक्रार झाली, शोध लागला तो बाईंच्या टेलिफोनपर्यंत. पोलीस ठाण्यातले साहेब सभ्यपणे बोलले. "बाई, हे तुमच्याशिवाय कोण वापरतं?" "सगळेच." "नावं सांगा." बाई म्हणाल्या, "ज्यांनी वापरलं ते येऊन सांगतील." बाहेर आल्यावर मी संतापलो. नावं तोंडपाठ असताना गप्प का? त्या म्हणाल्या, "मी नावं दिली तर ती चहाडी. त्यांनी आपणहून सांगितलं तर ती साक्ष."

मी दारोदार गेलो. एवढंच सांगा म्हटलं, की बाईंचं नेट उघडं होतं आणि आम्हीही वापरायचो. विम्याचा एजंट म्हणाला, "बबनशेठ, आमच्याकडे कुठलं हो वायरलेस?" क्लासवाला म्हणाला, "मी तर सायबर कॅफेत जातो." भाडेकरू म्हणाला, "आमाला नाय म्हाईत, आमी रूमवर झोपायला येतो." एका घरात माझ्यासमोर लॅपटॉपवर टॉवेल टाकला... मी बोललो ते इथे छापता येणार नाही. मुलीच्या आईने एवढंच धरलं की पत्ता बाईंच्या घराचा निघाला, म्हणजे बाईंना माणूस ठाऊक आहे आणि त्या त्याला पाठीशी घालतात. तिने बाईंना पाहून रस्ता बदलला. बाई मला म्हणाल्या, "बाकी कोणाचं मला काही नाही, बबन. तिला तरी कळायला हवं."

त्याच सुमारास एका संध्याकाळी मी वर बसलो होतो. वीज चमकायला लागली. बाईंनी वायर काढली आणि सवयीने खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या. समोरच्या खिडकीत दिवा होता, माणसं होती. कोणी हाक मारली नाही. ना समोरून, ना मागून. बाईंनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाल्या, "बघ, कोणीच वापरत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पासवर्ड टाकला आणि जिन्याच्या पायथ्याशी फळ्यावर खडूने लिहिलं : 'नेट हवे असल्यास वर येऊन नाव सांगावे.' शाळेतलं तेच वळणदार अक्षर. अट एवढीच, वर यायचं आणि नाव सांगायचं. एकजणही आला नाही. नाव सांगितलं तर आधीही वापरत होतो हे कबूल केल्यासारखं झालं असतं ना. चौकशी थंडावली. बाईंवर काही शाबीत झालं नाही, आणि त्यांच्यावरचं काही पुसलंही गेलं नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की त्या मान वर करायच्या. पार्वती असायची, नाहीतर मी.

अंत्यदर्शनाला आळी आख्खी आली. तोच जिना, तोच चपलांचा ढीग. "फार मोठ्या मनाच्या होत्या हो," विम्याचा एजंट म्हणाला. मुलीची आई आली नाही. मला तिचा राग नाही. तिला खरं कोणी सांगितलंच नाही.

मेधा म्हणाली, "काका, आता कनेक्शन बंद करून टाकूया." मी नाही म्हटलं. घराची किल्ली माझ्याकडे आहे, आणि राउटर चालू आहे. लॅपटॉप उघडला की आळीत प्रत्येकाला अजून 'वरचा माळा' दिसतो आणि शेजारी कुलूप दिसतं. दिसलंच पाहिजे. मेल कोणी पाठवली याचा अंदाज मला आहे, पण अंदाजावर मी माल उचलत नाही. ज्याने पाठवली त्याने उत्तर द्यावं. आणि ज्यांनी निकाल बघितले, पॉलिस्या भरल्या, पोरांशी बोलले आणि विचारल्यावर टॉवेल टाकला, त्या प्रत्येकाने त्या मुलीच्या आईच्या दारात जाऊन सांगावं, की नेट उघडं होतं, आम्ही वापरत होतो, बाईंनी कोणाला लपवलं नाही. त्याआधी वर येऊन नाव सांगावं. फळा मी पुसलेला नाही. संध्याकाळी दुकान बंद केलं की मी वरच बसतो.

जिन्याला कडी नाही.