दहा हातांची चूक

मी चांदा जिल्ह्यात नवा ओव्हरसियर होतो. ब्रह्मपुरीजवळच्या घाटावर वैनगंगेची पातळी मोजणारा एक माणूस होता. रोज सकाळी तो मूठभर तूस पाण्यावर सोडायचा आणि ते कुठे वळतं, कुठे फाकतं ते मान तिरकी करून बघायचा. मग खोलीतल्या सारवलेल्या जमिनीवर नदीच्या पात्राचे चौकोन आखून त्यांत लाखोळीचे दाणे मांडायचा. शेजारचे दाणे बघून एकेक दाणा बोटाने पुढे सरकवायचा.

"शेजारचा ढकलते म्हणून हा वळते, साहेब. पाण्याचा दुसरा कायदा नाई."

एकदा नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या भंडाऱ्याकडून पुराची तार आली. दीड दिवस तो दाण्यांपासून उठला नाही. शेवटी एका चौकोनावर बोट टेकवून म्हणाला, "भोवरा इथी पडन. नाव वरच्या जांभळीले बांधा."

भोवरा पडला आणि घाटावरची नाव वाचली. घाटावर सगळे त्याचं कौतुक करत होते. तो मात्र खोलीत उकिडवा बसला होता, कारण भोवरा दहा हात बाजूला पडला होता.

"एक दाना कुठीतरी चुकला, साहेब. पाहून राह्यलो."

एकेक दाणा मागे नेत तो मांडणी उलटी तपासत होता. मी दारात उभा होतो. आदल्या दुपारी, मांडणी चालू होती तेव्हा, त्याला चहा देताना माझ्या पायाने एक दाणा हलला होता, आणि मी तो गुपचूप अंदाजाने परत ठेवला होता.

संध्याकाळी त्याचं बोट त्याच दाण्यावर थांबलं. वर न बघता तो म्हणाला, "हा मी नाई ठेवला."