उभ्या सायकलचा दिवा

डबक्यातून सायकल बाहेर आली आणि दिवा विझला. चंदाबाई पेडल मारत होत्या, चाक फिरत होतं, पण समोर काळोख. त्या उतरल्या, पदरानं टायर पुसला आणि परत बसल्या. दिवा लागला.

"पावसात असाच नखरा करते हा," त्या म्हणाल्या.

मी मागच्या सायकलवर होते. दिवा कुठे दगा देतो ते पाहायचं, एवढंच माझं त्या संध्याकाळचं काम होतं. चंदाबाईंच्या सायकलला जुना बॉटल डायनॅमो होता. बाटलीच्या आकाराची ही लहानशी वस्तू मागच्या चाकाजवळ बसवलेली असते. तिचं दातेरी डोकं टायरला घासून फिरतं आणि वीज तयार होते. टायर कोरडा असेल तर उत्तम. ओल्या, चिखलाच्या टायरवर मात्र ते डोकं घसरतं.

अहेरीच्या जंगलपट्टीत आमची संस्था बाळंतिणींना आणि लहान बाळांना घरी जाऊन तपासते. मी तिथे उपकरणांची इंजिनीअर आहे. वजनकाटे, थर्मामीटर, सोलर पॅनेल, जे बिघडेल ते माझ्या टेबलावर येतं. त्या पावसाळ्यात सायकलचे दिवे आले, कारण आमची एक सेविका अंधारात रपट्यावरून खाली गेली आणि तिचं मनगट मोडलं. रपटा म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा, कठडे नसलेला पूल.

भोयर सर आमचे प्रोग्राम हेड. त्यांनी मनावर घेतलं. सूर्यास्तानंतर गृहभेटी बंद, असं सर्क्युलर त्यांनी तयार केलं. फक्त सही बाकी होती.

मीटिंगमध्ये चंदाबाई उभ्याच राहिल्या. सगळ्या सेविकांमध्ये त्या जुन्या, आणि आवाजही त्यांचाच मोठा.

"सर, रोवण्याच्या दिवसात दिवसा घरी कोन भेटते?"

"कोण?"

"कुत्रं भेटते. बाई बांधीत, बाळ बांधावर. दिवे लागल्यावर घरी येते थे. तेव्हा नाई गेलो, तर मंग कवा जाऊ?"

रोवणं म्हणजे भाताची लावणी, बांधी म्हणजे धानाचं शेत. सर माझ्याकडे वळले.

"भरवशाचा दिवा मिळतो का पाहा. मिळाला तर ठीक. नाही तर मी सही करतो. उद्या कुणी नाल्यात गेलं तर उत्तर मला द्यायचंय."

"बघते," मी म्हणाले. मीटिंगमध्ये माझं भाषण साधारण एवढंच असतं.

चार्जिंगचे दिवे मी आधीच बाजूला काढले. वादळात झाड तारेवर पडलं की आतल्या गावांत कितीतरी दिवस वीज नसते. आली की पहिला मोबाइल लागतो, दिव्याची पाळी येतच नाही. म्हणजे डायनॅमोच हवा. आणि बॉटल डायनॅमोचं घसरणं तर मी पाहिलंच होतं.

उरला हब डायनॅमो. हा पुढच्या चाकाच्या मधोमध, आसाभोवती बसवलेला असतो. टायरशी त्याचा संबंधच नाही, त्यामुळे चिखल असो की पाणी, फरक पडत नाही. आवाज नाही आणि पायाला जडही लागत नाही. त्याच्या दिव्यात स्टँडलाइट असते, म्हणजे आत थोडी वीज साठते आणि सायकल थांबल्यावरही काही मिनिटं मंद उजेड राहतो. मला तो फारच आवडला. नागपूरहून एक सँपल मागवलं, चंदाबाईंचा जुना डायनॅमो काढला आणि हा बसवला.

बाजाराच्या दिवशी त्या ऑफिसात आल्या.

"मॅडम, दिवा लय झकास आहे. रस्त्यावरची मुंगी दिसते."

"छान."

"आता माहा जुना वापस लावून द्या."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "का?"

"सांगू का दाखवू?"

"दाखवा."

"मंग सरांले घेऊन या. आन् जुना मागच्या चाकाले लावून ठेवा. दोनी राहू द्या."

मी दोन्ही लावले. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही तिघं निघालो. जीप नाल्याच्या अलीकडेच थांबते, म्हणून सरही सायकलवर. पोटरीपर्यंत पँट दुमडलेले सर मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. पाऊस नुकताच थांबला होता. चंदाबाई पुढे, हब डायनॅमोचा पांढरा उजेड ओल्या रस्त्यावर सरळ पडलेला. सागाची पानं, खड्डे, चाकोऱ्या, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"अरे वा, हाच फायनल करा," सर मागून ओरडले.

दाट झाडी आली तशा चंदाबाई म्हणाल्या, "सर, गाणं येते का?"

"का?"

"आवाज आला का अस्वल बाजूले होते."

सरांना गाणं येत नव्हतं. त्यांनी पाढे म्हटले. एकोणिसाचा पाढा जंगलात मोठ्यानं म्हणणारा प्रोग्राम हेड फार लोकांनी पाहिला नसेल.

"अस्वल गनितात कच्चं आहे वाटते, पळालं," चंदाबाई म्हणाल्या. सर हसले, पण पाढा थांबवला नाही. रपट्यावर आम्ही उतरून सायकली ढकलल्या. दिवा मंद झाला, पण स्टँडलाइटवर टिकला. मनात मी माझ्या रिपोर्टवर टिक केली.

टोल्यावर, म्हणजे त्या छोट्या वस्तीत, वीज नव्हती. ज्या घरी जायचं होतं तिथे महिनाभराचं, दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ होतं. आई सुनीता बांधीवरून नुकतीच आली होती. अंगणात तिचे सासरे, लालसू आजोबा, आमच्यासाठी उभेच होते. चंदाबाईंनी सायकल वळवली आणि तिचं तोंड दारातून आत केलं. मग मागचं स्टँड लावलं. आपल्या सायकलचं स्टँड लावलं की मागचं चाक अधांतरी उचललं जातं, आणि पुढचं जमिनीवरच टेकलेलं राहतं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याचा अर्थ मला त्या दारात उभी असताना कळला: पुढच्या चाकातला हब डायनॅमो उभ्या सायकलवर फिरणारच नव्हता.

त्यांनी टायर फडक्यानं पुसला, बॉटल डायनॅमोचं डोकं त्याला टेकवलं आणि दिव्याची वायर हबवरून काढून त्याला जोडली. लालसू आजोबा पाटावर बसले आणि हातानं पेडल फिरवू लागले. घर्रर्र असा आवाज सुरू झाला आणि खोली उजळली. कुडाची भिंत, दोरीवरचे ओले कपडे, सुनीताच्या मांडीवरचं बाळ. आजोबांचा हात एका लयीत चालत होता. पेडल फिरवणं हे त्या घरात आजोबांचं काम होतं, हे सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या घरांत कुणाची सासू फिरवते, कुणाचा नवरा, असं चंदाबाईंनी नंतर सांगितलं.

"मोबाइलची टॉर्च आहे ना?" सरांनी हळूच विचारलं.

"सर, मोबाइलवर मिनिट लावून श्वास मोजा लागते. ॲप बी त्याच्यातच. टॉर्चनं त्याची बॅटरी मारून टाकली, आन् रात्री एखादी बाई अडली, तर मले फोन कुठी करन थे?"

चंदाबाईंनी बाळाच्या पायाला हात लावला आणि त्यांचा आवाज बदलला.

"पाय थंडे आहेत वो याचे. पावसात आनलं का?"

"वाटेत लागला," सुनीता म्हणाली. "फडकं ओलं झालं."

एवढ्याशा बाळाला गारठा म्हणजे चेष्टा नाही. ते दूध ओढायचं बंद करतं आणि तिथून पुढे सगळं झपाट्यानं बिघडतं. चंदाबाईंनी ओलं फडकं सोडलं, बाळ पुसलं, सुनीताच्या उघड्या छातीशी धरलं आणि वरून कोरडं लुगडं गुंडाळलं. थर्मामीटर लावला. छातीची उघडमीट पाहत श्वास मोजले. घाई नव्हती आणि एक हालचाल वाया जात नव्हती. मी सायकलचं हँडल धरून उभी होते आणि उजेड हलू न देण्यापलीकडे मला काही करायचं नव्हतं.

आजोबांना खोकल्याची उबळ आली. उजेड थरथरला.

"फिरवा वो कोनीतरी!" चंदाबाई न वळता म्हणाल्या.

सर पाटावर बसले. पहिल्यांदा त्यांनी इतक्या जोरात फिरवलं की दिवा भगभगला.

"साहेब, एका चालीनं," आजोबा खोकत म्हणाले. "चक्की नोहोय थे."

सर चालीवर आले. बराच वेळ ते फिरवत राहिले. मग लुगड्याच्या घडीतून बाळाचं कुरकुरणं ऐकू आलं, आणि थोड्या वेळानं दूध ओढल्याचा बारीक आवाज. चंदाबाईंनी परत पायाला हात लावला.

"आला गरम्यात," त्या म्हणाल्या. "सर, आता सोडलं तरी चालन."

सरांनी आणखी थोडं फिरवलं.

परतताना पाढे झाले नाहीत, त्यामुळे चंदाबाईच गायल्या. जीपपाशी सर म्हणाले, "बॉटल डायनॅमोच ठेवायचा, तर पावसात घसरतो त्याचं काय?"

"बघते," मी म्हणाले. या वेळी खरंच काय बघायचं ते मला माहीत होतं.

डायनॅमोच्या डोक्यावर रबरी टोपी बसवली, त्यानं पकड वाढली. स्प्रिंग जरा घट्ट केली. मडगार्डला आतून जुन्या ट्यूबचा पट्टा लावला, त्यामुळे टायरवर चिखल कमी येतो. हबचा मोह सोडला, पण त्याच्याबरोबर आलेला स्टँडलाइटवाला दिवा बॉटल डायनॅमोवर जोडला. त्याच डबक्यातून चंदाबाईंनी पाच-सहा वेळा सायकल नेली. एकदा दिवा मिचकला, विझला नाही.

"नखरा गेला," त्यांनी निकाल दिला.

सर्क्युलर निघालं नाही. त्याऐवजी, रपटा ओलांडायचा असेल तर दोघींनी मिळून जायचं, असा नियम झाला. तो सेविकांनीच सुचवला. खरेदीच्या स्पेसिफिकेशनमध्ये सरांनी स्वतः एक ओळ घातली: सायकल स्टँडवर असताना हातानं पेडल फिरवून दिवा लागला पाहिजे.

ती वाचून नागपूरच्या सप्लायरचा मला फोन आला.

"मॅडम, टायपिंग मिस्टेक आहे का? उभ्या सायकलला दिवा कशाला लागतो?"

फोनवर मी एरवी दोन वाक्यांत आटपते. त्या दिवशी मी त्यांना दार, पाट, लालसू आजोबा आणि बाळाचे पाय, सगळं सांगितलं.

"बरं," शेवटी ते म्हणाले. "मग वायर जरा लांब देतो. सायकल दाराबाहेर राहिली, तर दिवा काढून आत नेता येईल."

हे मला सुचलं नव्हतं, चंदाबाईंनाही नाही. वस्तू कशासाठी हवी हे पूर्ण सांगितलं की विकणाराही थोडा इंजिनीअर होतो. मी मात्र आजवर फक्त मापं सांगत आले होते.