चिंचोक्याएवढी गाठ आणि लग्नसराई

कामशेतच्या बाजारपेठेत आमचं बांगड्यांचं दुकान आहे. सासरे डोक्यावर पेटी घेऊन गावोगाव फिरायचे, आता तो धंदा शटरच्या आत आला आहे. आम्ही मणेर, पिढीजात बांगड्या भरणारे मुसलमान. मावळातल्या निम्म्या सुनांना पहिला चुडा आमच्याच घरातल्या कुणीतरी भरला, असं मी सांगत असते. मी थोडं वाढवून सांगते हे मला मान्य आहे, पण हातांच्या बाबतीत नाही. बाईने हात पुढे केला, मी तो एकदा दाबून पाहिला, की तिला दोन-चारची बांगडी लागेल की दोन-सहाची हे मला कळतं. अंगठ्याखालचा मांसल भाग साबण लावून मळायचा, हाडं हळूच एकमेकांजवळ आणायची आणि बाई काही बोलायच्या आत बांगडी मनगटावर. समोरची म्हणते, "अगंबाई, कळलंसुद्धा नाही." हे ऐकायला मला अजूनही फार आवडतं.

तर अशा माझ्या बोटांना एके दिवशी नको ते लागलं. लग्नसराई तोंडावर आली होती. वरच्या फळीवरून हिरव्या बांगड्यांचा खोका उतरवताना मी तो छातीशी धरला आणि डाव्या बाजूला काहीतरी टोचल्यासारखं झालं. खोक्याचा कोपरा असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी आंघोळीला गेले तेव्हा हात आपोआप तिथे गेला. कातडीखाली एक गाठ होती, चिंचोक्याएवढी, आणि ती बोटाखाली सरकत होती.

दुसरी एखादी बाई घाबरून तडक डॉक्टरकडे गेली असती, किंवा घाबरून कुठेच गेली नसती. मी तिसरंच केलं. मला वाटलं, आयुष्यभर बायकांचे हात दाबून जे मला कळतं ते ही एवढीशी गाठ दाबून का नाही कळणार? हाडाचा कडकपणा वेगळा, सुजेचा वेगळा, राबून घट्ट झालेल्या मांसाचा वेगळा, हे माझ्या बोटांना पाठ आहे. म्हणून मी गाठ तपासायला घेतली. सकाळी बघायची, दुपारी दुकानामागच्या पडद्याआड बघायची, स्वयंपाक करता करता पोळपाटाशी उभी राहून बघायची. चिमटीत धरायची, मळायची, पुन्हा चाचपायची. कालच्यापेक्षा मोठी झाली का? कालच्यापेक्षा कडक लागते का?

आणि ती खरंच मोठी लागू लागली. आधी दुखत नव्हती, ती ठणकायला लागली. मग मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. मुलगी अजून कॉलेजात, सासूबाईंचं सगळं माझ्यावर, आणि मी मेले तर नवऱ्याला घरात मीठ कुठे ठेवलंय हेसुद्धा सापडणार नाही, असं काहीबाही डोक्यात यायला लागलं. मला जगायचं होतं, इतकी साधी गोष्ट होती ती. शेवटी एका दुपारी मी आमच्या ह्यांना सांगितलं.

हे मितभाषी आहेत. गिऱ्हाईकाशीसुद्धा मोजकंच बोलतात, म्हणून तर दुकान माझ्या तोंडावर चालतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठले आणि भर बाजाराच्या वेळी शटर ओढलं. म्हणाले, "चल, लोणावळ्याला. आत्ताच."

"अहो, सीझन आहे!"

"सीझन पुढच्या वर्षी पण येतो," ते म्हणाले आणि चपला घालून बाहेर उभे राहिले.

लोणावळ्याच्या त्या दवाखान्यात बाहेर सगळ्या बायकाच बसल्या होत्या. त्यांच्यामध्ये हे एकटे, मांडीवर माझी पर्स घट्ट धरून, समोरच्या भिंतीकडे नजर लावून बसले होते. एरवी मी त्यावरून त्यांची चांगली खेचली असती. आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिने तपासलं, आणि तपासता तपासता तिच्या कपाळाला आठी पडली.

"इथे मार लागलाय का तुम्हाला?"

"नाही."

"मग हे काळंनिळं कशानं झालंय?"

मी तिला सगळं सांगितलं. बांगड्यांचा धंदा, हात मळायची सवय, पडद्याआडची तपासणी, पोळपाट. ती आधी बघतच राहिली आणि मग तिला हसू आवरेना. "अहो मावशी, बांगडी चढवायला हात मळता, तशी गाठ मळलीत? ही सूज तुमच्या बोटांची आहे. दुखणंही त्याचंच."

मीही हसले, पण माझं हसू अर्ध्यावरच राहिलं, कारण ती पुढे म्हणाली, "सूज उतरेल. पण मूळ गाठ आहेच, आणि ती कसली आहे हे बोटांनी कळत नाही. तुमच्याही नाही आणि माझ्याही नाही." बहुतेक गाठी साध्या असतात, पण तपासल्याशिवाय साधी म्हणायचं नसतं, असं तिने समजावून सांगितलं. सोनोग्राफी झाली, मग सुई घालून तुकडा घेतला. निघताना तिने मला दम भरला, "रिपोर्ट येईपर्यंत तिथे हात लावायचा नाही. अजिबात नाही."

आता वाट बघण्याचं आलं. काळजी मनात असते असं लोक म्हणतात, माझी काळजी बोटांत होती. बोटं मोकळी झाली की निघालीच तिकडे. म्हणून मी त्यांना कामाला जुंपलं. दुकानातल्या सगळ्या बांगड्या काढून रंगाप्रमाणे, मापाप्रमाणे नव्या दोऱ्यात ओवल्या. झाल्यावर पुन्हा काढल्या आणि वेगळ्या तऱ्हेने ओवल्या. मुलगी म्हणाली, "अम्मी, दुकान आहे की प्रदर्शन?" तिला मी सगळं सांगितलं होतं. तिने मोबाईल उघडून मला काहीतरी वाचून दाखवायला सुरुवात केली, तेव्हा मी तिचा मोबाईल पिठाच्या डब्यावर उपडा ठेवला. म्हटलं, माझा रिपोर्ट माझ्या नावाने येणार आहे, जगातल्या सगळ्या बायकांचा नाही.

आणि एक नियम केला. काळजी करायची, पण चार वाजताच्या चहाला. दुकानात चहा आला की हे आणि मी समोरासमोर बसणार आणि काय वाटेल ते बोलणार. ऑपरेशन निघालं तर काय, केस गेले तर काय, मी नसले तर मुलीचं काय. कप रिकामा झाला की विषय बंद. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं हा माणूस गप्प बसेल. तसा तो गप्पच बसला, पण एरवी बशीत ओतून दोन घोटांत चहा संपवणारा माणूस तो कप नुसता धरून बसू लागला. चहावर साय धरायची, तरी ह्यांचा कप संपायचा नाही. मी बोलत राहायची आणि ते ऐकत राहायचे. इतक्या वर्षांच्या संसारात मला माझ्या नवऱ्याचा इतका आधार पहिल्यांदाच वाटला, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते दुकानाबाहेर जाऊन उभे राहतील.

रिपोर्ट यायच्या आधीच वडिवळे गावातलं एक लग्न आलं. त्या घरात आमचं पिढ्यांपासूनचं येणंजाणं आहे. नवरीच्या आईला चुडा माझ्या सासऱ्यांनी भरला होता, आता मुलीला मी भरायचा होता. हे म्हणाले, "तू राहू दे, मी जातो." मी ऐकलं नाही. मांडवात सतरंजी अंथरलेली, बायका गोल करून बसलेल्या, मधे मी आणि माझी पेटी. नवरीचा हात हातात घेतला. मऊ हात होता, दोन-चारचा, अगदी सोपा. आणि दुसऱ्याच बांगडीला माझा अंगठा भलत्या जोराने दाबला गेला आणि बांगडी तिच्या हातातच तडकली.

नवरीच्या हातात चुड्याची बांगडी! आमच्यात तिला फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, पण काही म्हटलं तरी तो अपशकुनच, आणि मांडवातल्या सगळ्या नजरा आमच्याकडे वळल्या. माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. नवरीला लागलं नव्हतं, तरी माझे हात थरथरत होते आणि ते सगळ्यांना दिसत होते.

"काय झालं गं भाभी?" नवरीच्या आईने विचारलं. "हात का थरथरत्यात तुजं? बरं न्हाई का?"

काहीतरी थाप मारता आली असती. उन्हाने चक्कर आली म्हणून भागलं असतं. पण चहाच्या वेळी बोलायची सवय लागली होती ना, त्यामुळे खरंच तोंडातून निघून गेलं. म्हटलं, "छातीत गाठ निघालीय. तपासायला दिलीय. रिपोर्ट यायचाय."

मांडवात कुणीतरी "अगं बया" म्हणालं. आणि मग नवरीची आत्या बोलली. ती मोठी करडी बाई, आखीव कुंकवाची, घरात तिचा शब्द चालतो. "असलं मांडवात बोलू न्हाई," ती म्हणाली. "आन् आज हिच्या हातनं चुडा नगं. दुसरं कुनी बघा."

ते मला फार लागलं. सुईपेक्षा जास्त लागलं. गाठीचं काय व्हायचं ते होईल, पण उद्या बायकांनी माझ्या हातात हात द्यायचाच थांबवला तर मी कोण राहणार होते? मी पेटीचं झाकण ओढलं.

तेवढ्यात नवरीने माझ्या मांडीवर हात ठेवला. तोच, बांगडी तडकलेला. "मावशी, भरा," ती म्हणाली. "न्हाईतर मी तशीच बोहल्यावर उभी ऱ्हाईन." तिची आई म्हणाली, "व्हय, भर गं तू. रिपोर्ट चांगलाच येनार हाय तुजा." आणि मी बांगड्या भरल्या. हळूहळू, एकेक करून. नंतर मांडवातल्या बायका एकामागोमाग हात पुढे करत गेल्या, काही जणींनी तर बांगड्या भरून झाल्यावरही हात थोडा वेळ तसाच ठेवला. त्या बायकांचे उपकार मी विसरणार नाही. आत्या मात्र आली नाही. मी निघाले तेव्हा ती चुलीपाशी पाठमोरी उभी होती. जीपमध्ये बसल्यावर मी मनातल्या मनात तिचा उद्धार केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

रिपोर्ट चांगला आला. साधी गाठ, कॅन्सर नाही, काढायचीही घाई नाही, फक्त अधूनमधून दाखवत राहायचं. डॉक्टरीणबाई अजून सांगत होत्या आणि मी खुर्चीतच ढसाढसा रडायला लागले. इतके दिवस ऐटीत फिरत होते, ती सगळी ऐट त्या खुर्चीत गळून पडली. ह्यांनी पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "चहा घेऊ." बाहेरच्या टपरीवर त्यांनी तो उभ्या उभ्या दोन घोटांत संपवला.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारच्या उन्हात बाजारात चिटपाखरू नसताना, आत्या दुकानात आली. एकटीच. लग्नाच्या बांगड्या भरायच्या राहिल्या म्हणाली. मी मुद्दामच खोका काढायला वेळ लावला. तिला जरा ताटकळत ठेवायचं होतं मला. मग तिचा हात हातात घेतला आणि माझं सगळं नाटक थांबलं. भात लावून, शेण थापून घट्ट झालेला हात, आणि तो बर्फासारखा गार होता. एवढ्या उन्हात.

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती दुकानाच्या फळ्यांकडे बघत होती.

"तुजा रिपोर्ट चांगला आला म्हनं," ती म्हणाली.

"आला."

"मला बी हाय," ती म्हणाली. "गेल्या लावनीपासनं. घरात कुनाला ठावं न्हाई."

म्हणजे त्या दिवशी मांडवात मी ते मोठ्याने बोलले, तेव्हा तिच्या पदराखाली तीच गोष्ट होती. माझ्या हातात हात दिला तर मला कळेल, या भीतीने ती चुलीपाशी जाऊन उभी राहिली होती. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मला भीती वाटली, आणि स्वतःसाठी वाटली होती त्याहून जास्त वाटली, कारण लावणी होऊन वर्ष होत आलं होतं.

मी तिचा हात खाली ठेवला, ह्यांच्याकडे पाहिलं. ते गल्ल्यामागचं स्टूल सरकवून उठले आणि माझी पर्स खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली.

"चला," मी आत्याला म्हटलं. "लोणावळ्याला. आत्ताच."

"आज? न्हाई बा, आज कसं... घरी सांगितलं न्हाई."

"वाटेत फोन करू."

ती उठली, पायरीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. अख्ख्या घराला धाकात ठेवणारी बाई ती, पण मला अगदी लहान आवाजात विचारलं, "लय दुकतं का गं?"